तालमीनंतर
आज ढोलाच्या तालमीहून आलो तर अंगठ्याला फोड, कानात दणदण. शहापूरची आमची गल्ली झोपलेली, म्हणून हेडफोन लावून इलेक्ट्रॉनिक संगीतवाला क्लाउस शुल्त्से ऐकला. बर्लिनचा हा गडी टँजरिन ड्रीम या जर्मन बँडच्या पहिल्या अल्बमवर ड्रम वाजवायचा. १९७२ मध्ये एकट्याचा पहिला अल्बम काढला, 'इर्लिश्ट'. ड्रमरचा अल्बम, आणि ठोका नाहीच! सिंथेसायझरही नव्हता जवळ. आतून फेरफार केलेला इलेक्ट्रिक ऑर्गन, बिघडलेला अँप्लिफायर, ऑर्केस्ट्राची उलटी फिरवलेली टेप. बस. (आमच्या पथकात ढोलाची एक दोरी सैल झाली तरी सगळे बोंबलतात.)
आईनं एक बाजू कानाला लावून बघितली. "गिरण चालू हाय की रे ही!" म्हणाली.
पण हेडफोन काही लवकर परत दिला नाही.