आमची वाटचाल : प्रेक्षकांना ऐकू न येणारा आवाज

आमची कंपनी जो आवाज तयार करते, तो मैफलीला आलेल्या हजारो लोकांपैकी एकालाही ऐकू येत नाही. तो असतो फक्त स्टेजवरच्या आठ-दहा जणांच्या कानांत. गायिका, वादक, कोरस आणि नाचणाऱ्यांपैकी एक-दोघं. आम्ही फक्त मॉनिटरचं, म्हणजे कलाकारांना स्वतःचं गाणं-वाजवणं ऐकवण्याचं काम करतो.

सुरुवात मात्र सगळ्यांसारखी मोठ्या स्पीकरांनीच झाली. २००९ साली मी आणि माझ्या धाकट्या भावाने चार स्पीकर, सोळा चॅनेलचा मिक्सर आणि एक जुना टेम्पो घेऊन धंदा उघडला. लहान सभागृहं, कॉलेजांचे कार्यक्रम. गायकाच्या पायाशी वेज, म्हणजे त्याच्याकडे तोंड केलेला तिरका स्पीकर. गायक म्हणायचा, "माझा आवाज वाढवा." मग गिटारवाला म्हणायचा, "माझाही." मग ड्रमरला काही ऐकू यायचं नाही. वाढवत वाढवत शेवटी माइकच शिट्टी मारायचा आणि सगळे आमच्याकडे बघायचे.

२०१४ मध्ये एका लोकप्रिय पॉप गायिकेच्या अकरा शहरांच्या दौऱ्यातलं मॉनिटरचं काम पोटकंत्राटाने आमच्याकडे आलं. तेव्हा पहिल्यांदा स्टेडियम आतून पाहिलं. रिकाम्या स्टेडियमच्या स्टेजवर उभं राहून टाळी वाजवली की ती परत येते. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरची भिंत शंभर मीटरवर असेल तर टाळी जाऊन परत यायला अर्ध्या सेकंदापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात एक ठोका बरोबर अर्ध्या सेकंदाचा. म्हणजे गायिका दुसऱ्या ठोक्यावर पोचलेली असते, तेव्हा पहिला ठोका भिंतीवरून परत येऊन तिला मागे ओढत असतो. त्या आवाजावर भरवसा ठेवून गायलं तर गाणं हमखास रेंगाळतं.

१५ ऑगस्ट १९६५ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ५५ हजारांहून जास्त लोकांपुढे बीटल्स गायले, तेव्हा त्यांच्यासाठी मॉनिटर नव्हतेच. लोकांच्या किंचाळण्यात त्यांना स्वतःचं वाजवणंही नीट ऐकू येत नव्हतं. त्या वाद्यवृंदाबद्दल माझ्या मनात फार आदर आहे, आणि त्याचं एक कारण ही मैफल आहे.

कानात बसणाऱ्या मॉनिटरने हा प्रश्न बराचसा सोडवला. व्हॅन हेलन या अमेरिकन रॉक बँडचे मॉनिटर इंजिनिअर जेरी हार्वी यांनी १९९५च्या सुमारास आपल्या ड्रमरसाठी खास इअरपीस बनवला आणि त्यातून पुढे एक कंपनीच उभी राहिली. स्टेजच्या कोपऱ्यात बसणारा माणूस, समोर एका वादकाची अडचण, आणि त्यातून उभा राहिलेला धंदा. आम्हा दोघा भावांना ही गोष्ट फार जवळची वाटते.

त्या पहिल्या दौऱ्याचं चौथं शहर. इअरपीसपर्यंत आवाज रेडिओने, वायरशिवाय जातो, म्हणून दुपारी आम्ही फ्रिक्वेन्सी तपासल्या. हे काम दिसतं त्यापेक्षा किचकट आहे. दोन ट्रान्समीटर जवळजवळ असले की त्यांच्या मिसळण्यातून नको असलेल्या तिसऱ्या-चौथ्या फ्रिक्वेन्सी तयार होतात. एक ५०० मेगाहर्ट्झवर आणि दुसरा ५०१वर असेल, तर ४९९ आणि ५०२वर गोंधळ माजतो. दहा बेल्टपॅक, म्हणजे इअरपीसला जोडलेले कमरेवरचे रिसीव्हर, आणि आठ वायरलेस माइक, सगळे एकमेकांना टाळून बसवावे लागतात. आम्ही ते चोख केलं होतं. संध्याकाळी दुसऱ्या गाण्याच्या अंतऱ्याला गायिकेच्या डाव्या कानात खरखर सुरू झाली आणि मग काहीच नाही. तिने तो इअरपीस ओढून काढला आणि राहिलेलं गाणं एका कानावर गायली. गाणं संपल्यावर स्टेजच्या कडेला येऊन स्पेअर पॅक लावेपर्यंत माझे हात थरथरत होते.

कारण रात्री सापडलं. आम्ही दुपारी तपासलं तेव्हा मागचा मोठा एलईडी पडदा बंद होता. तो पेटला की त्याच्यातून रेडिओचा गोंगाट निघतो, आणि आमचा अँटेना नेमका त्याच्या शेजारी उभा होता. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं हे खरं, पण आम्हीही विचारलं नव्हतं.

कार्यक्रमानंतर ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, एकाच कानात सगळं वाढवून गायले. आता त्या कानात शिट्टी वाजतेय." मला रात्रभर झोप लागली नाही. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो, आणि पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते, हा कामाच्या जागेसाठी वापरला जाणारा हिशोब. त्याने १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं मिळतात. मी त्या मुलीच्या कानात किती सोडत होतो, याचा आकडा माझ्याकडे नव्हता.

दौरा संपल्यावर आम्ही मोठे स्पीकर विकले. घरच्यांना वेडेपणा वाटला, कारण भाड्याचा पैसा त्याच स्पीकरांतून येत होता. पण मला एकच काम नीट करायचं होतं.

त्यानंतरची काही वर्षं खडतर होती. एका आयोजकाने पूर्ण दौऱ्याचं बिल वर्षभर थकवलं. २०२०मध्ये मैफलीच थांबल्या आणि आमची तीन चांगली माणसं दुसऱ्या नोकऱ्यांना लागली. त्यांपैकी एक परत आला. आज आम्ही सात जण आहोत.

आता दौऱ्याचा दिवस असा असतो. पहाटे रिगिंगवाले येतात, छतातून चेन मोटर सोडतात, मग ट्रस म्हणजे दिवे टांगायचा सांगाडा, दिवे, साउंड, पडदा. आमची पाळी अकराच्या सुमारास. पडदा पूर्ण उजेडात पेटवल्याशिवाय आम्ही फ्रिक्वेन्सी तपासत नाही. त्यासाठी व्हिडिओवाल्यांकडे दहा मिनिटं मागून घेतो आणि ते आता न मागताही देतात. बॅटऱ्या प्रत्येक कार्यक्रमाआधी नव्या, कालच्या अर्ध्या उरल्या असल्या तरी. पॅकला घामापासून वाचवायला पातळ रबरी आवरण. पोशाख बदलायला गायिकेकडे जेमतेम चाळीस सेकंद असतात, आणि त्यात पॅक एका पोशाखावरून दुसऱ्या पोशाखावर जायला हवा. यावर तोडगा काढला वॉर्डरोबच्या ताईंनी. त्यांनी प्रत्येक पोशाखात पाठीच्या खालच्या बाजूला एकाच मापाचा खिसा शिवला आणि वायरीसाठी मानेमागे एक बारीक लूप दिला. तो लूप झाल्यापासून आमचा एकही इअरपीस निसटलेला नाही. मैफलीच्या श्रेयनामावलीत अशा ताईंचं नाव मोठ्या अक्षरांत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

इअरपीसचं माप आम्ही दौऱ्याच्या दीड महिना आधी कानाच्या तज्ज्ञांकडून घेतो. गायकांचं माप तोंड उघडं ठेवून घ्यावं लागतं. दातांत एक ठोकळा धरायला देतात आणि मग कानात सिलिकॉन भरतात. जबडा हलला की कानाच्या नळीचा आकार बदलतो. मिटल्या तोंडाने घेतलेलं माप वरच्या सुराला सैल पडतं, बाहेरचा गोंगाट आत शिरतो, आणि गायक आवाज वाढवायला सांगतो. सगळं दुखणं तिथून सुरू होतं. त्याच भेटीत सगळ्यांची श्रवणचाचणीही करून घेतो, आमच्या सात जणांचीसुद्धा.

कार्यक्रम सुरू झाला की मी डाव्या बाजूच्या काळ्या पडद्याआड डेस्कवर असतो आणि गायिकेवरून नजर हटवत नाही. तिने गिटारवाल्याकडे बघून बोट वर केलं की गिटार वाढवायची. तळहात खाली केला की सगळंच थोडं कमी. स्टेजच्या दोन्ही कडांना लोकांकडे तोंड केलेले दोन माइक असतात. कान बंद असल्यामुळे गायकाला काचेच्या खोलीत एकटं असल्यासारखं वाटतं, आणि मग तो एक इअरपीस काढून टाकतो. तसं होऊ नये म्हणून ते माइक.

परवाच्या कार्यक्रमात शेवटच्या गाण्याला तिने माइक लोकांकडे धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट माझ्या दिशेने वर केलं. मी बाकी सगळं थोडं खाली घेतलं आणि ते दोन माइक वर चढवले. दोन्ही इअरपीस कानातच ठेवून तिने डोळे मिटले. तिला जे ऐकू येत होतं, ते माझ्याही कानात होतं.

त्यानंतर चाळीस मिनिटांत आमच्या पेट्या बंद. भाऊ ट्रकपाशी उभा होता, मी डेस्कवर एकेक इअरपीस पुसून नावाच्या डबीत ठेवत होतो.