एट्झेलचा घाट चढून आइन्झीडेल्नला

स्वित्झर्लंडमधल्या आइन्झीडेल्नच्या बेनेडिक्टाइन मठाचं चर्च झुरिचहून आगगाडीनं तासाभरात गाठता येतं. तिकडे राहणारे बहुतेक मराठी लोक तसेच जातात. आम्ही झुरिच सरोवराकाठच्या राप्पर्सविल गावाहून पायी गेलो. अंतर सुमारे १७ किलोमीटर, निव्वळ चालण्याचे पाच तास. पाय साथ देत असतील तर पायीच जावं, कारण हे चर्च रचलंय तेच चालत येणाऱ्यांच्या गर्दीसाठी.

सुरुवात सोपी आहे. सरोवरावरचा ८४१ मीटरचा लाकडी पूल २००१चा, पण यात्रेकरूंसाठी इथे चौदाव्या शतकापासून पूल होता. हुर्डन, फेफिकॉनपर्यंत सपाट रस्ता. तिथून चार-एक किलोमीटरमध्ये साधारण ५४० मीटरचा खडा चढ. पिवळ्या पाट्यांवर अंतर नसतं, वेळ असते, आणि त्या वेळेत विश्रांती धरलेली नसते. नवख्यांचा हिशेब इथेच चुकतो. आपली वाट ही याकोबच्या वाटेचा, म्हणजे स्पेनमधल्या सांतियागोला जाणाऱ्या जुन्या यात्रामार्गाचा, भाग. तिची खूण म्हणजे हिरव्या चौकोनातला ४ आकडा. कुरणांची फाटकं ओलांडली की मागे लावून घ्यायची. पाऊस पडून गेला असेल तर चढापेक्षा पलीकडचा उतार जपून उतरावा. गवताखालची माती फार निसरडी होते.

९५० मीटरवर, एट्झेलच्या खिंडीत, संत माइनराडचं छोटं चॅपल आहे. नवव्या शतकात हा साधू आधी इथे राहिला, मग एकांतासाठी आणखी आत, जंगलात गेला. ८६१ मध्ये दोन चोरांनी त्याला मारलं. त्याच्या दोन डोमकावळ्यांनी त्या चोरांचा झुरिचपर्यंत पिच्छा पुरवला, अशी कथा आहे. मठाच्या मानचिन्हाच्या ढालीवर आजही ते दोन पक्षी आहेत. त्याच्या कुटीच्या जागी ९३४ मध्ये मठ उभा राहिला. सील नदीवरचा छपराचा पूल ओलांडला की पुढची वाट सोपी आहे.

मठासमोरच्या चौकात मारियाचं कारंजं आहे. त्याला १४ तोट्या. येशू यांपैकी एका तोटीचं पाणी प्यायला होता अशी श्रद्धा आहे. कुठली ते ठाऊक नसल्यामुळे यात्रेकरू सगळ्या तोट्यांचं पाणी पितात.

आत शिरल्याबरोबर, दाराजवळच, काळ्या मेरीच्या मूर्तीची देवळी, म्हणजे चर्चच्या आतच उभं असलेलं छोटं देऊळ. स्थपती कास्पार मोसब्रुगर हा मठातलाच ब्रदर, मूळचा पाथरवट. त्याच्यापुढचा पेच असा की ही जागा पवित्र, म्हणून देवळी हलवायची नाही, आणि तिच्याभोवती माणसांचे लोंढे तर फिरले पाहिजेत. त्यानं देवळीभोवती प्रचंड अष्टकोन बांधला आणि मधोमध दोन खांब उभे करून छताच्या कमानी त्यांच्यावर तोलल्या. म्हणूनच अष्टकोनाचं छत एका जागी उभं राहून पूर्ण दिसत नाही. प्रदक्षिणा घालावी तसं फिरत गेलं की कोस्मास दामियान आझामची चित्रं टप्प्याटप्प्यानं उलगडतात. गिलाव्यातले देवदूत आणि वेलबुट्ट्या त्याचा भाऊ एगिड क्विरिन याच्या. दोघांनी हे काम १७२४ ते १७२६ या काळात केलं. मोसब्रुगर १७२३ मध्येच वारला होता. चर्चचा अर्पणविधी १७३५चा.

मूर्ती पंधराव्या शतकातली, लाकडी, चार फुटांच्या आत-बाहेर. विठोबाचे पोशाख पाहत आलेल्या डोळ्यांना इथे ओळखीचं काही दिसतं: सणानुसार बदलणारे जरीचे ताठ पोशाख, आणि त्यांतून दिसतात ते फक्त मेरी आणि बाळ येशूचे चेहरे नि हात. अंगावरचं मूळ कोरीवकाम मात्र त्यामुळे झाकलेलंच राहतं. काळा रंग मूळचा नाही. शतकानुशतकं मेणबत्त्या-दिव्यांची काजळी बसली. १७९८ मध्ये फ्रेंच सैन्य आलं तेव्हा मूर्ती लपवून बाहेर नेली, आणि ऑस्ट्रियात ती साफ करताना खालून गव्हाळ त्वचा निघाली. पण लोकांची भक्ती काळ्या मेरीवर, म्हणून तिला पुन्हा काळं रंगवलं. तो निर्णय मला पूर्ण पटतो. देवळी मात्र फ्रेंचांनी पाडली; आजची १८१५ ते १८१७ मध्ये पुन्हा बांधलेली.

तिथून पुढे गेलं की एकामागून एक घुमट. ख्रिस्तजन्माच्या घुमटाखाली मान दुखेपर्यंत उभं राहावं, इतकं तिथलं चित्र मोठं आणि प्रकाशमान आहे. त्यापलीकडे ब्रदर विन्झेन्झ नुसबाउमर यानं सतराव्या शतकात घडवलेली लोखंडी जाळी. गज मुद्दाम तिरके घेतल्यामुळे सपाट जाळीच्या जागी खोल दालन असल्याचा भास होतो. तो नीट दिसायला चर्चच्या बरोबर मध्यरेषेवर, जरा लांब उभं राहावं लागतं. दोन पावलं बाजूला सरकलं की दालन मोडतं, आणि जवळ गेलं की नुसते वाकडे गज उरतात.

दुपारी साडेचारच्या प्रार्थनेनंतर मठवासी रांगेनं देवळीपाशी येऊन 'साल्वे रेजिना' हे मेरीचं लॅटिन स्तोत्र गातात. सोळाव्या शतकापासूनचा हा रोजचा नेम. तो साधायचा तर राप्पर्सविलहून नऊच्या आत निघावं, म्हणजे चर्च बघायलाही तासभर मिळतो. पुढे श्वित्झपर्यंत चालायचं असेल तर वाटेत १४१४ मीटरची हागेनएग खिंड आहे. वसंतातही तिथे बर्फ असू शकतो. आदल्या संध्याकाळी वाटेची चौकशी करूनच निघावं.