आईला घेऊन नाईलवर

टीव्हीवर एकदा इजिप्तमधलं अबू सिंबेलचं देऊळ धरणात बुडू नये म्हणून कापून वर नेल्याची गोष्ट लागली होती. आई भाजी निवडता निवडता थांबली आणि म्हणाली, "असं उचलता येत होतं, तर मग आपलं का नाही उचललं?" आपलं म्हणजे पळसनाथाचं. आईचं माहेर जुनं पळसदेव, इंदापूर तालुक्यातलं, भीमेच्या काठचं. उजनी धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. दगडी देऊळ अजून तिथेच उभं आहे. ज्या उन्हाळ्यात धरण तळाला जातं तेव्हा ते उघडं पडतं, आणि मामा फोन करतात, "देऊळ वर आलंय, येऊन जा."

त्या दिवशी मी ठरवलं की हिला इजिप्त दाखवायचं. दादाचा विरोध होता. आई बहात्तर वर्षांची, दोन्ही गुडघे दुखरे, आणि तिथे उतरायचं थडग्यांमध्ये. पण नाईलवरची बोट हा अशा माणसासाठी सगळ्यात सोपा मार्ग आहे, हे मी आता खात्रीनं सांगते. सामान एकदाच उघडायचं, खोली तीच राहते, देवळं मात्र रोज नवी. आम्ही लक्सर ते अस्वान असा चार रात्रींचा प्रवास डिसेंबरात घेतला, उन्हाळ्यात तिथलं ऊन आईला झेपलं नसतं.

आरक्षण करताना दोन गोष्टी आधी विचारा. पहिली, बोटीला लिफ्ट आहे का. आमच्या बोटीला नव्हती, हे मी वेळेत विचारलं म्हणून मधल्या मजल्यावरची, जेवणघराजवळची खोली मिळाली. दुसरी, अबू सिंबेल पैशांत धरलंय का. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत ते नाव ठळक छापलं होतं, प्रत्यक्षात मोटार आणि तिकीट दोन्ही वेगळे निघाले. ज्या देवळासाठी आई आली होती त्याचेच पैसे पुन्हा भरावे लागले, ह्याचा मला आजही राग आहे. आणखी एक: तिकीट खिडकीवर आमच्याकडून सगळीकडे कार्डच घेतलं, रोख नाही. सुट्ट्या नोटा लागतात त्या बक्षिसीला, थडग्याच्या पहारेकऱ्यापासून स्वच्छतागृहापर्यंत.

लक्सरला पहिल्या दिवशी कर्नाकचं देऊळ. तिथल्या मोठ्या सभामंडपात 134 खांब आहेत, मधले बारा तर सुमारे 21 मीटर उंच. आईनं घडीचं स्टूल उघडलं, एका खांबाशी बसली आणि अर्धा तास नुसती वर बघत राहिली. मी तिला उठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पश्चिम काठ. वस्ती आणि मोठी देवळं पूर्वेला, मेलेल्यांची जागा पश्चिमेला, जिथे सूर्य मावळतो. आपल्याकडे यमाची दिशा दक्षिण, इथे पश्चिम, हे आईला लगेच पटलं. राजांच्या दरीत साध्या तिकिटावर तीन थडगी बघता येतात. गुडघ्यांचा त्रास असेल तर चौथ्या रामसेसचं निवडा. वाट जवळजवळ सरळ, उतार हलका. छतावर आकाशदेवी नूत ताणून पसरलेली आहे. थडग्याच्या आत वाटाड्याला बोलायची परवानगी नसते. म्हणून आमच्या वाटाड्या मुलानं बाहेरच, सावलीत, आईला सगळं चित्रांवरून समजावलं: नूत संध्याकाळी सूर्याला गिळते, तो रात्रभर तिच्या अंगातून प्रवास करतो आणि सकाळी ती त्याला पुन्हा जन्म देते. आई आत गेली ती थेट हेच शोधायला. "बाई गं, रोज बाळंतपण," एवढंच म्हणाली. रंग असे की कालच कुणी हात फिरवून गेलंय असं वाटावं. सहाव्या रामसेसच्या थडग्याला वेगळं तिकीट आहे, तिथे मी एकटी उतरले. तुतनखामेन ह्या तरुण राजाचं आम्ही सोडलं. 1922 साली सापडलेलं हे थडगं नावानं मोठं पण आकारानं लहान आहे, त्याची ममी आजही तिथेच आहे. आईला त्याच्याकडे बघायचं नव्हतं. "पोरगा होता तो, निजू दे."

दुपारी बोट हलली आणि आई पहिल्यांदा गोंधळली. आम्ही दक्षिणेला निघालो होतो आणि पाणी समोरून येत होतं. नाईल दक्षिणेकडून उत्तरेला वाहते, वारा बहुतेक उत्तरेकडून. म्हणून जुन्या काळी दक्षिणेला जायचं तर शीड उभारायचं, उत्तरेला यायचं तर शीड गुंडाळून प्रवाहावर सोडून द्यायचं. त्यांच्या चित्रलिपीतही तसंच: दक्षिणेच्या प्रवासाला शीड उभारलेली नाव, उत्तरेच्या प्रवासाला शीड नसलेली. नदीकाठी वाढलेल्या माणसाला ही गोष्ट देवळांपेक्षाही आवडली.

एस्नाला बंधाऱ्याच्या लॉकमध्ये, म्हणजे पाणी भरून बोट वर चढवणाऱ्या बंदिस्त हौदात, शिरायला बोटींची रांग होती. तिथे होड्यांतून फेरीवाले येतात, दोरानं बोटीला लटकतात आणि चादरी, गलाबिये म्हणजे लांब झगे पिशवीत बांधून थेट गच्चीवर फेकतात. भाव ओरडून ठरतो, पैसे त्याच पिशवीतून खाली जातात. मग आमची बोट भिंतींमध्ये जेमतेम मावेल अशी आत गेली, मागचं दार लागलं, वरच्या बाजूचं पाणी आत यायला लागलं. आई कठड्याला धरून भिंतीचे ओले दगड मोजत होती. एकेक दगड बुडत गेला, आम्ही वर आलो. पाणी चढताना ती इतकी गप्प झाली की मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

एडफूचं होरस ह्या ससाणादेवाचं देऊळ मी भरभर सांगते, कारण तिथली आठवण वेगळीच राहिली. देऊळ फार सुंदर राखलेलं आहे. ते शतकानुशतकं वाळूत गाडलेलं होतं, वर घरं उभी होती, 1860 पासून मारिएत ह्या फ्रेंच माणसानं ते मोकळं केलं. पण धक्क्यावरून देवळापर्यंत घोडागाडीनं नेतात आणि काही घोड्यांची हाडं दिसत होती. आम्ही रिक्षा घेतली. तुम्हीही घ्या.

जेवणाची काळजी मी उगाच केली. कोशरी म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे आणि वरून तळलेला कांदा. शिवाय बाकल्याच्या दाण्यांचे तळलेले वडे म्हणजे ता'मिया, तिळाची चटणी म्हणजे ताहिनी, गरम भाकरीसारखा ऐश. आईनं भाजणीचा डबा उघडलाच नाही.

कोम ओम्बोला संध्याकाळी पोचलो. देऊळ नदीच्या अगदी काठावर, दोन देवांचं, अर्धं मगरदेव सोबेकचं आणि अर्धं थोरल्या होरसचं. शेजारी मगरींच्या ममींचं संग्रहालय आहे. आवारात एक खोल विहीर आहे, तिनं नाईलच्या पुराची उंची मोजायचे. पूर जास्त तर गाळ जास्त, गाळ जास्त तर पीक जास्त, आणि मग करही जास्त. वाटाड्यानं हे सांगितलं आणि आई म्हणाली, "म्हणजे उजनीची टक्केवारीच की!" आमच्याकडे पावसाळ्यात दिवसाची सुरुवातच धरण किती टक्के झालं ह्यानं होते, आणि उन्हाळ्यात वजा किती झालं ह्यानं. 1970 साली अस्वानचं उंच धरण पुरं झालं. इजिप्तमध्ये तो पूर आता येत नाही.

अबू सिंबेलला अस्वानहून पहाटे चारला निघालो, वाळवंटातून तीन तासांहून जास्त. 1964 ते 1968 ह्या काळात दोन्ही देवळांचे तुकडे करून ती 65 मीटर वर आणि सुमारे 200 मीटर मागे नेली. मागचा डोंगरही माणसानं केलेला, आत काँक्रीटचा घुमट आहे. दारातल्या राजा रामसेसच्या चार पुतळ्यांपैकी एकाचं डोकं आणि धड प्राचीन काळीच भूकंपात खाली पडलं होतं. हलवताना ते पडलेले दगडही होते तसेच, पडलेल्या जागी ठेवले. आई त्या पडलेल्या डोक्याजवळ बराच वेळ उभी होती.

शेवटचं फिले, इसिस देवीचं देऊळ. 1902 साली इंग्रजांनी अस्वानला पहिलं धरण बांधलं आणि पुढे हे देऊळ वर्षातले कित्येक महिने पाण्यात राहू लागलं. मग 1972 ते 1980 ह्या काळात भोवती बांध घालून, पाणी उपसून, दगड न दगड सुटा करून ते शेजारच्या अगिलकिया बेटावर उभारलं. उजनीही 1980 सालीच पुरी झाली. हे मी आईला सांगितलं नव्हतं, तिनंच फलक वाचून घेतलं. खांबांवर पाण्याची जुनी रेघ अजून दिसते, खाली एक रंग, वर दुसरा. "आपल्याकडे अशीच आहे," ती म्हणाली.

परतताना होडी चालवणारा नुबियन होता, म्हणजे अस्वानच्या दक्षिणेकडच्या नाईलकाठचा, पन्नाशीचा. उंच धरणासाठी 1963-64 मध्ये सुमारे पन्नास हजार नुबियन लोकांना उठवून कोम ओम्बोकडे नेलं, त्यांतलं त्याचं घर. आईनं वाटाड्याला मध्ये घेतलं आणि फोनवर मामांनी पाठवलेला फोटो दाखवला: भेगाळलेला गाळ आणि त्यात उभं पळसनाथाचं शिखर. त्यानं वल्हं मांडीवर आडवं ठेवलं, फोटो मोठा करून नीट पाहिला आणि काहीतरी विचारलं.

"घरं पण दिसतात का, विचारतोय," वाटाड्या म्हणाला.

"नाही," आई म्हणाली. "धाब्याची होती, मातीची. ती कुठली राहतात."

वाटाड्यानं ते त्याच्या भाषेत सांगितलं. त्यानं फोन परत दिला, छातीवर हात ठेवला आणि दक्षिणेकडे, धरणापलीकडे बोट दाखवून सांगितलं, आजोबांचं घरही मातीचंच होतं.