मार्च महिन्यातला बर्फ

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कोल्हापुरात एसीवाल्याला जेवायला वेळ नसतो. त्या दिवशी सकाळी साडेनऊलाच फुलेवाडीच्या पुढच्या एका बंगल्यातनं फोन आला. "एसीतनं पाणी गळालंय," काका म्हणाले, "आणि वर नुसता बर्फ धरलाय."

घर शेताला लागून आहे. आजूबाजूला ऊस, थोड्या अंतरावर गुऱ्हाळ. ऊस तुटला की मागं पाचट पेटवतात आणि गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे धागे येऊन बसतात, हे तिथल्या बाईमाणसाला सांगावं लागत नाही. काकांची उद्यमनगरात चाळीस वर्षं स्वतःची फौंड्री होती. ती बंद केल्यावर हे घर बांधलं, आणि मुलाच्या आग्रहानं हॉल आणि जेवणाच्या खोलीला मिळून तीन टनाचा डक्टेबल एसी, म्हणजे छतातल्या नळ्यांतनं हवा देणारा, बसवला. मशीन पॅसेजच्या फॉल्स सीलिंगमध्ये, हवा आत ओढायला एकच जाळी.

काकू दारातच उभ्या होत्या. "बघ की बाबा काय झालंय. काल रात्री त्या पाण्यावरनं घसरून पडता पडता वाचलो मी." फॉल्स सीलिंगला भाकरीएवढा पिवळा डाग पडला होता आणि कुबट वास येत होता. खाली परात ठेवलेली.

झडप उघडली. कॉईल, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांचा गठ्ठा, दिसतच नव्हती. जुन्या फ्रिजच्या फ्रीजरला धरतो तसा जाड पांढरा थर, आणि तांब्याच्या जाड पाइपवरनं तो बर्फ भिंतीपलीकडं बाहेरच्या युनिटपर्यंत गेलेला. बाहेर ऊन सदतीस अंशाचं. माझ्याबरोबरचा पोरगा गाडीतनं गॅसचा सिलेंडर काढायला निघालासुद्धा. "दादा, गॅस कमी हाय."

बर्फ बघितला की आमच्या धंद्यात पहिलं वाक्य हेच येतं. दुसऱ्या एका मेकॅनिकनं त्या महिन्यात दोनदा तेच म्हणून दोनदा गॅस भरला होता. काकांनी दोन्ही बिलं दाखवली. पण जोडांवर तेलाचा एक डाग नव्हता. गॅस गळतो तिथं त्याच्याबरोबर थोडं तेलही बाहेर येतं. दोनदा भरलेला गॅस गेला कुठं?

गेज लावला. आर-४१०ए गॅस, सक्शनला, म्हणजे कॉईलकडनं कॉम्प्रेसरकडं जाणाऱ्या पाइपला, ८५ पीएसआय दाब. म्हणजे कॉईलमध्ये द्रव होऊन आलेला गॅस उकळत होता तो शून्याच्या पाच अंश खाली. सक्शन पाइपचं तापमान मोजलं, उणे तीन. गॅस खरंच कमी असता तर तो कॉईलमध्ये अर्ध्यातच उकळून संपला असता आणि पुढचा पाइप चांगला कोमट लागला असता. इथं पाइप कॉम्प्रेसरपर्यंत गारठलेला. गॅस भरपूर होता, त्याला उकळायला लागणारी उष्णताच मिळत नव्हती. ती उष्णता घरातल्या हवेतनं येते. हवाच कमी मिळाली की कॉईल थंड होत होत शून्याखाली जाते, हवेतला ओलावा तिच्यावर गोठतो, त्या बर्फानं उरलीसुरली वाट बुजते, आणि मग थंडावा कमी आणि बर्फ जास्त असं चक्र सुरू होतं. द्रव गॅस कॉम्प्रेसरमध्ये गेला तर कॉम्प्रेसरच कायमचा बसू शकतो, ते वेगळंच.

कॉम्प्रेसर बंद केला, नुसता पंखा चालू ठेवला. बर्फ वितळायला अडीच तास लागणार होते. घाईला आलेला माणूस हातोड्यानं बर्फ फोडतो आणि कॉईलला भोक पाडतो. मी दोन वेळा असल्या कॉईल बदलल्यात, म्हणून काकूंचा चहा घेतला आणि जाळी उघडली.

जाळीमागं एसीबरोबर येतो तो धुवायचा नायलॉनचा फिल्टर नव्हता. पुठ्ठ्याच्या चौकटीतला, घड्या घातलेल्या कापडाचा, एक इंच जाडीचा फिल्टर होता. कडेला मर्व्ह १३ असं छापलेलं. तो खिडकीसमोर धरला तर पलीकडचा उजेड येईना. घड्यांच्या कडा काजळीनं काळ्या, खोबणीत राखाडी पूड, अंगठ्यानं पुसली तर काजळासारखी ओढली गेली. चौकटीच्या एका बाजूला बोटभर फट होती आणि तिथल्या प्लायवर कोळशानं रेघ मारावी तसा काळा पट्टा उमटला होता. आतल्या हवेनं ती फट शोधली होती. त्या बाजूच्या कॉईलवर तर धुळीचं नमद्यासारखं अस्तर बसलेलं.

फिल्टरवर २०×२०×१ लिहिलेलं असलं तरी तो आकडा नुसता हाक मारायचा, नावापुरता. खरं माप साडेएकोणीस इंच, आणि ते कडेला बारीक अक्षरात असतं. काकांच्या सुतारानं जुनी चौकट मोजून वीसचा खाचा ठेवला होता.

"तो काढून टाकू नको हं," काकू म्हणाल्या. "लेकानं शिकागोवरनं आणलाय. सहा आणलेत. मला दमा हाय न्हवं." दिवाळीला मुलगा आला होता. आईची छाती पाचटाच्या धुरानं भरते हे बघून त्यानं अर्धी बॅग फिल्टरनं भरून आणली, स्वतः स्टुलावर चढून पहिला बसवला आणि सांगून गेला, थंडी असली तरी रोज पंखा चालवा, हवा साफ राहील. ते म्हातारा-म्हातारी पाच महिने नेमानं पंखा चालवत होते.

मला इथं फार जपून बोलावं लागलं. कारण मुलगा चुकीचा नव्हता. मर्व्ह हा गाळण्याचा दर्जा, १ ते १६, आकडा मोठा तेवढी गाळणी बारीक. आपली नायलॉनची जाळी फक्त कॉईल वाचवते. कापूस, केस, किडे अडवते. मर्व्ह ८ चा फिल्टर ३ ते १० मायक्रॉनच्या कणांतले निदान ७० टक्के धरतो, म्हणजे घरातली धूळ आणि परागकण बऱ्यापैकी. पण धुराचे कण बहुतेक एका मायक्रॉनच्या आतले. त्यांच्यासाठी तेरा नंबरच बघावा लागतो, तो ०.३ ते १ मायक्रॉनमधले निदान निम्मे अडवतो. दम्याच्या माणसासाठी त्यानं नंबर बरोबर निवडला होता. पण फिल्टर गाळतो ते त्याच्यातनं जाणाऱ्या हवेतलं, आणि हवा जाणार पंख्याच्या ताकदीवर.

बर्फ वितळल्यावर मॅनोमीटर, म्हणजे हवेच्या दाबातला फरक मोजायचं यंत्र, लावला, फिल्टरच्या अलीकडं एक नळी, पलीकडं एक. मशीनचा पंखा सगळं मिळून, म्हणजे डक्ट, जाळ्या, फिल्टर धरून, ६ मिलिमीटर पाण्याएवढा अडथळा सोसेल असं कंपनीच्या कागदावर होतं. नुसत्या त्या फिल्टरवर ९ आले. मग माळ्यावर ठेवलेली जुनी नायलॉनची जाळी शोधून बसवली. दीड.

काका तो काटा बघत होते. "म्हणजे क्युपोलाच्या ब्लोअरच्या तोंडावर पोतं टाकल्यागत झालं की," ते म्हणाले. अगदी तसंच. क्युपोला म्हणजे लोखंड वितळवायची भट्टी. फौंड्रीतल्या माणसाला वाऱ्याचं महत्त्व शिकवावं लागत नाही. वारा पडला की लोखंड वितळत नाही, साचा अर्धवट भरतो. त्यांनी आयुष्यभर भट्टीला हवा दिली होती, इथं तीच गोष्ट थंडीच्या बाजूनं होती.

संध्याकाळी सातला मुलाचा व्हिडिओ कॉल आला, तिकडं सकाळ. जरा दुखावल्यासारखाच वाटला. "दादा, मी इथं स्वतःच्या घरात हाच वापरतोय. हिवाळ्यात फर्नेस, उन्हाळ्यात एसी, दोन्ही ह्याच फिल्टरवर. कधी बर्फ नाही धरला."

मी म्हटलं, तुमचा जरा काढून दाखवता?

तो फोन घेऊन तळघरात गेला. घर तापवायच्या फर्नेसच्या शेजारचं झाकण काढून त्यानं फिल्टर बाहेर ओढला आणि तिथंच थांबला. चांगला जवळजवळ अर्ध्या वितीएवढा जाड, चार इंची. घड्या खोल, कापड एक इंचीच्या कितीतरी पट. नंबर तोच, तेरा. "जाडी मी बघितलीच नाही," तो म्हणाला. "खाचा एक इंचाचा दिसला म्हणून एक इंची घेतले."

त्याला हिशेब सांगितला. टनाला साधारण ४०० सीएफएम, म्हणजे मिनिटाला ४०० घनफूट, हवा लागते, तीन टनाला १२००. वीस बाय वीसची एकच जाळी म्हणजे पावणेतीन चौरस फूट, म्हणजे कापडावर हवा मिनिटाला ४३० फुटांच्या वेगानं आदळते. घट्ट विणीच्या एक इंची कापडाला मी ३०० च्या वर जाऊ देत नाही. वेग कमी करायचा तर जागा वाढवायची, नाहीतर घड्या खोल करायच्या. तिसरा रस्ता विण सैल करण्याचा. फर्नेसलाही हाच नियम आहे. फिल्टर तुंबला की आतला हीट एक्सचेंजर तापतो आणि लिमिट स्विच बर्नर बंद करून टाकतो. इकडं गोठतं, तिकडं तापतं, मूळ एकच. तो ऐकत होता, मध्येच म्हणाला, "आईला सांगू नका माझ्यामुळं झालं म्हणून." काकू मागंच उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पदरानं फोनची काच पुसली.

दुसऱ्या दिवशी कॉईल धुतली आणि दोनदा भरलेला गॅस सगळा काढून मशीनच्या पाटीवर लिहिलेल्या वजनानं परत भरला. बर्फ गेल्यावर तो जादा गॅसच पुढं त्रास देणार होता. पुढच्या गुरुवारी पॅसेजच्या दुसऱ्या भिंतीत तेवढीच आणखी एक जाळी काढली, पत्र्याची पेटी केली, दोन्हीकडं दोन इंची मर्व्ह ८ चे फिल्टर, खऱ्या मापाचे, चारी कडांना फोमची पट्टी, बाण मशीनकडं. वेग निम्म्यावर आला. मॅनोमीटरला अडीच, सक्शनला ११८, म्हणजे कॉईल आता शून्याच्या वर.

तेराच का नाही घातला, असं काकांनी विचारलं. घातला असता तर नवा असताना चालला असता. पण फिल्टर दिवसागणिक तुंबतो, आणि ह्या घरात पाचटाच्या महिन्यात तो इतर घरांच्या दुप्पट वेगानं तुंबणार. पंख्याच्या हातात थोडी शिल्लक ठेवायला हवी. शिवाय काकू झोपतात त्या खोलीत ह्या एसीची हवा जातच नाही. दम्याच्या माणसाचे आठ तास त्या खोलीत, तर बारीक गाळणी तिथंच पाहिजे. मी चांगला हेपा, म्हणजे अगदी बारीक कण धरणाऱ्या, फिल्टरचा प्युरिफायर घ्या म्हणून सांगून निघालो.

आठ दिवसांनी काकांनी बोलावलं, बिघाड नव्हता, काहीतरी दाखवायचं होतं. मुलानं त्यांना सांगितलं होतं की २०२० साली अमेरिकेत लोकांनी चार फिल्टर चौकोनात चिकटवून वर पंखा बसवला आणि घरच्या घरी हवा साफ करायची पेटी केली. कोर्सी-रोझेन्थल बॉक्स म्हणतात त्याला. काका मूळचे पॅटर्नमेकर, साच्यासाठी लाकडी नमुने करणारे. त्यांनी सागवानी पट्ट्यांची चौकट केली, कोपरे साच्याच्या पेटीसारखे सांधलेले, चारी बाजूंना उरलेल्या पाचांतले चार फिल्टर, वर प्लायच्या झाकणात बारा इंची एक्झॉस्ट फॅन, हवा वर फेकणारा. चार फिल्टरची मिळून जागा अकरा चौरस फूट आणि ओढणारा पंखा लहान, त्यामुळं एक इंची तेरा नंबर इथं कुरकुरत नव्हता.

मी वर्तमानपत्राची पट्टी फाडून एकेका फिल्टरसमोर धरली. चारीकडं आत ओढली गेली. सांध्यांवरनं फिरवली, कुठं हलली नाही. प्रत्येक चौकटीवर काकांनी पेन्सिलनं तारीख घातली होती आणि छापलेल्या बाणावर परत एक ठसठशीत बाण काढला होता, आतल्या बाजूला.

"रात्रभर चालू असतो," काकू म्हणाल्या. "आवाज येतो थोडा. पण मी झोपलो निवांत."

पाचवा फिल्टर प्लास्टिकसकट कपाटावर ठेवलाय. काकांनी तो मला दिला नाही.