क्यूजीआयएस शिकताना

भूगोलाच्या अभ्यासक्रमात नकाशाचं सॉफ्टवेअर आलं तेव्हा वाटलं, चित्रं काढायच्या प्रोग्रॅमसारखंच काहीतरी असणार. क्यूजीआयएस घेतलं, कारण ते फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. उघडलं तर टूलबारवर आयकॉनांची जत्रा! त्यातले निम्मे मला अजूनही लागत नाहीत. नवशिक्यांनी तिकडे खुशाल दुर्लक्ष करावं.

लेयरची कल्पना, म्हणजे नद्या, रस्ते, गावं असे एकावर एक ठेवलेले थर, लगेच डोक्यात बसली. शेपफाइलने, म्हणजे नकाशातले आकार साठवायच्या फाइल-प्रकाराने, मात्र दमवलं. म्हणायला एक फाइल, पण प्रत्यक्षात एकाच नावाच्या तीन-चार फाइली सोबत लागतात. माहितीचा तक्ता असलेली डीबीएफ मागे राहिली तर आकार दिसतात, माहिती गायब. पीआरजे नसेल तर लेयर पृथ्वीवर कुठे बसवायचा हेच सॉफ्टवेअरला कळत नाही. रकान्याचं नाव दहा अक्षरांत कोंबायचं, आणि देवनागरीत लिहिलं तर जागा त्याहून लवकर संपते. म्हणून आता नवीन काम थेट जिओपॅकेजमध्ये, म्हणजे सगळं एकाच फाइलीत ठेवणाऱ्या प्रकारात.

खरी परीक्षा सीआरएसची, म्हणजे नकाशावरची जागा कोणत्या मापात आणि कशी मांडायची त्या पद्धतीची. नदीच्या दोन्ही काठांना ५०० मीटरचा बफर, म्हणजे तेवढ्या रुंदीचा पट्टा, हवा होता. टूल उघडलं तर अंतराच्या चौकटीशेजारी मीटरऐवजी ‘डिग्री’! लेयर ईपीएसजी ४३२६ या क्रमांकाच्या सीआरएसमध्ये होता, म्हणजे अक्षांश-रेखांशात. तिथे ५०० टाकणं म्हणजे ५०० अंश; अख्ख्या पृथ्वीचा फेराच ३६० अंशांचा. मग मीटरचे अंश करून टाकावेत का? अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किलोमीटर, तेव्हा भागाकार सोपा आहे. पण रेखांशाचा अंश ध्रुवाकडे आक्रसत जातो आणि ६० अक्षांशावर जेमतेम निम्मा उरतो. म्हणजे तोच बफर उत्तर-दक्षिण बरोबर आणि पूर्व-पश्चिम तोकडा.

यावर उतारा यूटीएम या सीआरएस-मालिकेचा. त्यात जगाचे ६ अंश रुंदीचे ६० पट्टे केलेत आणि मापं मीटरमध्ये असतात. आपल्या भागाचा पट्टा निवडून लेयर रीप्रोजेक्ट केला की बफर सरळ मीटरमध्ये निघतो. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ‘सेट लेयर सीआरएस’ फक्त पाटी बदलतं, आकडे तेच राहतात. ‘रीप्रोजेक्ट लेयर’ आकडे नव्याने काढतं. त्यातून क्यूजीआयएस वेगवेगळ्या सीआरएसचे लेयर स्क्रीनवर आपणहून जुळवून दाखवतं, त्यामुळे सगळं आलबेल वाटतं. माझ्या मते हे सौजन्यच नवशिक्याला सगळ्यात महागात पडतं.

सीआरएस उमगल्यावर बाकीचं पटापट झालं. डिजिटायझिंगच्या, म्हणजे नकाशावर आकार काढण्याच्या, आधी स्नॅपिंग (नवा बिंदू जवळच्या बिंदूला चिकटवणं) चालू केलं, तर शेजारच्या बहुभुजांमध्ये फटी राहत नाहीत. रंग आणि प्रिंट लेआउट तर चाळता चाळता आले.

स्कॅन केलेला नकाशा जिओरेफरन्स करण्यात, म्हणजे त्याला पृथ्वीवरच्या खऱ्या जागी बसवण्यात, मात्र मजा आली. त्यासाठीच्या पहिल्या क्रमाच्या पॉलिनॉमियल या सूत्राला किमान तीन नियंत्रण बिंदू, म्हणजे खरी जागा ठाऊक असलेल्या खुणा, लागतात. नेमके तीनच दिले की चूक शून्य दिसते, पण त्यात शाबासकीसारखं काही नाही. तीन बिंदूंना ते गणित कसंही तंतोतंत बसतंच. म्हणून मी जास्त बिंदू घेते, चारही कोपऱ्यांत पसरवून. एखाद-दुसरी ओळखीची जागा मुद्दाम वगळते आणि जिओरेफरन्स झाल्यावर ती किती मीटर सरकली ते मोजून बघते.