गादी ओली होते तेव्हा मेंदूत काय चाललेलं असतं?

रात्री गादीत शू करणाऱ्या मुलाबद्दल घरात दोनच निदानं होतात: आळशी आहे, नाहीतर झोप फार गाढ आहे. पहिलं साफ चूक, दुसरं अर्धंच खरं.

मूत्राशय भरत आलं की तो ताण मज्जारज्जूवाटे मेंदूच्या खोडापर्यंत जातो. तिथे पोन्स या भागात लघवी सोडण्याचं केंद्र आहे. जागेपणी कपाळामागचा मेंदू त्याला दाबून धरतो. झोपेत मात्र एकतर हा दाब टिकायला हवा, नाहीतर मूल उठायला हवं. इथे दोन्ही होत नाही. झोपेच्या नोंदी पाहिल्या तर यातल्या अनेक मुलांची झोप उलट तुटक दिसते. मेंदू पुन्हा पुन्हा चाळवतो, पण पूर्ण जागा होत नाही.

दुसरा धागाही मेंदूतलाच. हायपोथॅलॅमसमध्ये तयार होणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक (हार्मोन) रात्री वाढतं आणि मूत्रपिंडं लघवी कमी करतात. काही मुलांत ही वाढ पुरेशी होत नाही. हे घरी मोजता येतं. वयात एक मिळवून 30 ने गुणा: सात वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण 240 मिली मावायला हवी. रात्रीच्या डायपरचं वाढलेलं वजन (1 ग्रॅम म्हणजे सुमारे 1 मिली) आणि सकाळची पहिली लघवी यांची बेरीज या आकड्याच्या 130 टक्क्यांच्या, म्हणजे इथे साधारण 310 मिलीच्या वर जात असेल, तर रात्री लघवीच जास्त बनते आहे. डेस्मोप्रेसिन हे व्हॅसोप्रेसिनसारखं काम करणारं औषध अशांनाच जास्त लागू पडतं. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यायचं आणि गोळीच्या तासभर आधीपासून पुढचे 8 तास पाणी अगदी बेताचं. नाहीतर रक्तातलं सोडियम उतरून झटकेही येऊ शकतात. बेरीज कमी असूनही गादी भिजत असेल तर आधी बद्धकोष्ठ बघा. मळाने फुगलेलं आतडं मूत्राशयाला जागाच ठेवत नाही.

न उठणाऱ्या मेंदूवरचा उपाय म्हणजे सेन्सरला ओल लागताच वाजणारा अलार्म, आणि तो फसतो तो बहुधा मोठ्यांमुळे. सुरुवातीचे आठवडे आवाजाने सगळं घर उठतं, मूल सोडून. तेव्हा आपण बटण दाबून गुपचूप चादर बदलली की सगळं वाया. मुलाला पूर्ण जागं करायचं, अलार्म त्यानेच बंद करायचा, उरलेली लघवी संडासात करायची, कपडे बदलून सेन्सर पुन्हा लावायचा. पहिली सुधारणा म्हणजे कोरडी रात्र नव्हे, डाग लहान होणं. सलग 14 कोरड्या रात्री होईपर्यंत चालू ठेवा. दोन-तीन महिने लागतात. बाराच्या सुमारास पेंगुळलेल्या मुलाला उचलून नेल्याने गादी वाचते, मेंदू काही शिकत नाही.

पाचव्या वर्षी सुमारे 15 टक्के मुलांचं हे होतं आणि दरवर्षी त्यातली साधारण 15 टक्के आपोआप सुटतात. आई-वडील दोघांनाही लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला तो असण्याची शक्यता 77 टक्के. रागावण्याआधी आजीला विचारून बघा!

सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा भिजवू लागलं, तहान वाढली, वजन उतरलं, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा. रोज घोरत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. अडलेला श्वास मोकळा झाल्यावर काही मुलांची गादीही कोरडी होते.