पुणे–कोल्हापूर–रत्नागिरी: होम फोल्डर हलवण्याची फेरी आणि रत्नागिरीचा फसवा टप्पा

"सगळ्या शाखांत डीएफएस रेप्लिकेशन (सर्व्हरांमध्ये फाइल्सच्या प्रती सारख्या ठेवणारी विंडोजची सोय) लावा, एकच पाथ द्या, माणूस कुठेही बसला तरी त्याचा एच ड्राइव्ह समोर हजर." पुण्याच्या सर्व्हरवरचे होम फोल्डर, म्हणजे ज्यांना लोक एच ड्राइव्ह म्हणतात ते, त्या-त्या शाखेच्या सर्व्हरवर हलवायचे असतील तर या सल्ल्यावर विसंबून फेरी आखू नका, तो अर्धाच खरा आहे. नेमस्पेस, म्हणजे सगळ्यांना एकच पाथ, हे उत्तम. पण त्या पाथमागे दोन शाखांचे सर्व्हर एकाच वेळी चालू ठेवले की घात होतो. डीएफएस-आर, म्हणजे हेच रेप्लिकेशन, फाइल लॉक करत नाही. पुण्यात आणि कोल्हापुरात एकच एक्सेल शीट बदलली, तर शेवटी सेव्ह करणाऱ्याची प्रत टिकते. दुसरी गुपचूप कॉन्फ्लिक्ट-अँड-डिलीटेड फोल्डरमध्ये जाते आणि त्याचा कोटा भरला की तिथूनही पुसली जाते. वापरकर्त्यांच्या डेटासाठी अशा मांडणीला मायक्रोसॉफ्टचाही सपोर्ट नाही. माणूस जिथे बसतो त्याच शाखेचा सर्व्हर चालू टार्गेट (पाथ ज्या सर्व्हरकडे नेतो तो) ठेवायचा. दुसरी प्रत हवी तर ठेवा, पण तिचं टार्गेट बंद असू द्या आणि गरज पडेल त्या दिवशी ते हाताने चालू करा.

निघण्यापूर्वी अॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या 'साइट्स अँड सर्व्हिसेस'मध्ये प्रत्येक शाखेचे सगळे सबनेट (नेटवर्क पत्त्यांचे गट) नोंदवलेत का ते पाहा. वायफायचा सबनेट हमखास राहून जातो. मग रत्नागिरीतला लॅपटॉप लॉगिनसाठी पुण्याच्या डोमेन कंट्रोलरकडे (लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरकडे) धावतो आणि दोष बिचाऱ्या होम फोल्डरवर येतो. डोमेन कंट्रोलरवरच्या नेटलॉगॉन लॉगमध्ये 'नो क्लायंट साइट' शोधा, राहिलेले पत्ते तिथे सापडतील.

सोबत दोन पोर्टेबल डिस्क घ्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) लावलेल्या आणि एनटीएफएस फॉरमॅटच्याच. एक्सफॅटवर परमिशन टिकत नाहीत. लाइनवरून नेऊ म्हणणाऱ्यांसाठी हिशेब: १० एमबीपीएस (सेकंदाला १० मेगाबिट) म्हणजे सेकंदाला सव्वा एमबी. ४०० जीबीला ३,२०,००० सेकंद लागतात, म्हणजे जवळपास पावणेचार दिवस, तेही त्या काळात लाइनवर दुसरं काही चाललं नाही तर. गाडीने डिस्क नेणं हाच जलद मार्ग. मागाहून बदललेल्या फाइल्स तेवढ्या लाइनवरून.

कॉपीसाठी रोबोकॉपी, विंडोजमधलीच कॉपीची कमांड. त्याचे स्वतःचे आकडे ठेवले तर एका लॉक झालेल्या फाइलवर तो १० लाख वेळा, दर ३० सेकंदांनी प्रयत्न करतो. सकाळी येऊन बघावं तर पहिल्याच फोल्डरवर अडकलेला. /आर:२ /डब्ल्यू:५ (दोनच प्रयत्न, पाच सेकंदांच्या अंतराने) द्याच. परमिशन आणि मालकी जपायला /कॉपीऑल, 'एक्स्क्लुझिव्ह राइट्स'मुळे अॅडमिनलाही न उघडणाऱ्या फोल्डरांसाठी /बी, आणि डॉक्युमेंट्समधल्या माय म्युझिकसारख्या जंक्शनमध्ये (दुसऱ्या फोल्डरकडे नेणाऱ्या दुव्यात) शिरू नये म्हणून /एक्सजे. लॉग /युनिलॉगनेच घ्या, नाहीतर मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात आणि कोणती फाइल राहिली ते कळत नाही.

मराठी नावांची आणखी एक अडचण आहे. पाथच्या २६० च्या मर्यादेत काना, मात्रा, हलंत सगळे वेगळे मोजले जातात. 'महाराष्ट्र' दिसायला चार अक्षरं, मोजायला दहा. एच ड्राइव्हवर बसणारा पाथ नेमस्पेसच्या लांब नावाखाली गेला की मर्यादा ओलांडतो. रोबोकॉपी तो बिनतक्रार कॉपी करतो, पण एक्स्प्लोररमधून फाइल उघडत नाही.

कोल्हापूर सोपं आहे. शनिवारी सुरू केलं तर रविवारी संपतं.

आता रत्नागिरी. आंबा घाट पावसाळ्यात टाळा, पण खरी दरड इथे ऑफलाइन फाइल्सची (सर्व्हरवरच्या फाइल्सची लॅपटॉपवर प्रत ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची) कोसळते. डॉक्युमेंट्स पुण्याच्या सर्व्हरवर रीडायरेक्ट केलेले असतात. लाइनचा विलंब ३५ मिलिसेकंदांपुढे गेला की विंडोज ८ पासूनचं विंडोज स्लो-लिंक मोडमध्ये जातं आणि माणूस स्वतःच्या लॅपटॉपवरच्या कॅशमध्ये लिहीत राहतो. सिंक मागून होतो, मध्ये एरर आली तर होतच नाही. म्हणजे पुण्याहून तुम्ही आणलेली प्रत शिळी असते आणि ताजं काम सी ड्राइव्हच्या विंडोज\सीएससीमध्ये, जुन्या सर्व्हरच्या नावाखाली पडलेलं असतं. अशा वेळी कोणी 'फॉरमॅट-डेटाबेस'ची रजिस्ट्री की १ करून कॅश साफ केली, तर सिंक न झालेलं सगळं गेलं. ते कुठल्याच बॅकअपमध्ये नसतं. ही की सिंक सेंटर (राहिलेले सिंक आणि त्यातल्या एरर दाखवणारी विंडोजची खिडकी) कोरं दिसल्याशिवाय कुणालाही वापरू देऊ नका.

आठवडाभर आधी प्रत्येक लॅपटॉपवर सिंक सेंटर उघडा, कॉन्फ्लिक्ट माणसाला शेजारी बसवून सोडवा, सिंक हाताने चालवा. हे दुरून होत नाही. मग डिस्कवरचा डेटा नव्या सर्व्हरवर चढवा, फरकाची कॉपी घ्या आणि त्यानंतरच ग्रुप पॉलिसीतला (डोमेनभर लागू होणाऱ्या सेटिंगमधला) पाथ बदला. बदलताना 'मूव्ह द कंटेंट्स'ची खूण राहू द्या, पण पुढे दिलेली पॉलिसी आधी चालू करा, नाहीतर सोमवारी दहा वाजता अख्खी शाखा आपापलं फोल्डर एकाच लाइनवरून ओढू लागते आणि कोणाचंच लॉगिन पुरं होत नाही. ऑफलाइन कॅश नव्या पाथखाली जागच्या जागी हलवणारी 'ऑप्टिमाइझ्ड मूव्ह' पॉलिसी विंडोज ८ पासून आहे, ती पाथ बदलण्याआधी चालू करा; 'मूव्ह द कंटेंट्स'ची खूण असेल तरच ती लागू होते. आणखी एक अट: सर्व्हरवरच्या फाइल्सच्या तारखा-वेळा जशाच्या तशा आलेल्या हव्यात.

जुना सर्व्हर त्याच नावाने महिनाभर जिवंत ठेवा, शेअर फक्त वाचण्यापुरता. सुट्टीवर गेलेल्याचा लॅपटॉप नंतरच येतो.

सोमवारी कोणाच्या इव्हेंट लॉगमध्ये इव्हेंट ५०२ (फोल्डर रीडायरेक्ट होऊ शकलं नाही) दिसला, तर बहुधा त्याचं फोल्डर कोणीतरी माउसने ओढून कॉपी केलेलं आहे आणि मालक अॅडमिनिस्ट्रेटर्स झालाय. तसं असेल तर आयसीएसीएल्स या परमिशनच्या कमांडला /सेटओनर आणि /टी देऊन मालकी त्या माणसाच्या नावे करा, त्याला लॉगऑफ करून पुन्हा यायला सांगा.